वारशाचे राखणदार आणि अनुदानाचा हिशेब

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या पॅरिस येथील अधिवेशनात 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील, बारावा तमिळनाडूतील जिंजी. या मानाचा आनंद रास्तच आहे. तथापि गुलाल खाली बसल्यावर एक रोकडा प्रश्न उरतो. या किल्ल्यांच्या जपणुकीचा खर्च कोणी करायचा आणि कशावर? १९७२ च्या जागतिक वारसा कराराने ही जबाबदारी मुख्यतः त्या त्या राष्ट्रावरच टाकली आहे.

आपल्या राष्ट्राची रीत कशी आहे, हे संसदीय स्थायी समितीच्या डिसेंबर २०२२ मधील अहवालावरून दिसते. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारके ३,६९३. त्यांसाठी ७,००० पहारेकऱ्यांची गरज. प्रत्यक्षात २४८ ठिकाणी मिळून २,५७८ नेमलेले. कारण दिले गेले ते निधीच्या टंचाईचे. त्यापूर्वी २०१३ साली महालेखापरीक्षकांनी १,६५५ स्मारकांची पाहणी केली, तेव्हा ९२ स्मारके जागेवर सापडलीच नव्हती. दगडी वास्तूंना पाय फुटत नाहीत. जेथे राखणदार नसतो, तेथे अतिक्रमण, रस्ते आणि वाढती शहरे त्यांना गिळून टाकतात.

या अनास्थेमागे अनुदानाचे एक अर्थशास्त्र आहे. प्रवेशद्वार, रोषणाई, ध्वनिप्रकाशाचा खेळ यांवरील भांडवली खर्चाचे उद्घाटन करता येते, कोनशिलेवर नाव कोरता येते. पहारेकऱ्याच्या मासिक वेतनाला कोनशिला नसते. पावसाळ्यापूर्वी तटातले पिंपळाचे रोप उपटणे, पाण्याची टाकी उपसणे, दगडांच्या दरजा चुन्याने भरणे ही दरवर्षीची कामे आवर्ती खर्चात मोडतात आणि कात्री प्रथम तेथेच लागते. मग बुरूज ढासळला की लाखांचे कंत्राट निघते आणि घाईने सिमेंट थापले जाते. सिमेंटमुळे भिंतीतील ओल आतच कोंडते आणि जुना दगड झिजू लागतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांचीही हीच गत आहे. छायाप्रतींचे यंत्र एका अनुदानात येते. मोडी वाचणारा माणूस तयार होण्यास वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे त्याला पोसावे लागते.

सरकारी हात आखडला तर खासगी दातृत्व पुढे येईल, असे सांगण्यात येते. १९९६ साली राष्ट्रीय संस्कृती निधी स्थापन झाला व त्याच्या देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत ठेवण्यात आली. २०१७ साली वारसा दत्तक देण्याची योजना आली. तिचा भर मुख्यतः पर्यटकांच्या सोयींवर होता. २०१८ मध्ये लाल किल्ल्यासाठी दालमिया समूहाशी पाच वर्षांचा, २५ कोटी रुपयांचा करार झाला. करसवलतीच्या देणगीतील काही हिस्सा वस्तुतः सार्वजनिक महसूलच असतो, मात्र तो कोठे खर्चावा हे देणगीदार ठरवतो. तो गर्दीच्या ठिकाणी जातो. आडवाटेच्या लेण्याला दत्तक घेणारा सहसा भेटत नाही.

जेथे पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते, तेथे गडावर पैसा कशाला, असे आपल्याच काही सहकाऱ्यांना वाटते. ही शंका प्रामाणिक आहे. परंतु जतन हे मुळात श्रमाचे काम आहे. पाथरवट, चुना मळणारा मजूर, टाकी उपसणारी गडाखालच्या वाडीतील स्त्री यांना त्यातून काम मिळाले, तर तट आणि चूल दोन्ही टिकतात. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे नव्याने शिकवण्याची गरज नसावी.

म्हणून आमची मागणी तीन कलमांची आहे. वारशाच्या प्रत्येक अनुदानातील निश्चित हिस्सा वेतन व नित्य देखभालीसाठी राखून ठेवावा. राखणदारांना नियमित सेवेत घ्यावे व नेमणुकीत लगतच्या गावांना अग्रक्रम द्यावा. खासगी देणग्यांसह सर्व खर्चाचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडावा.

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील संरक्षित स्मारकांची पाहणी करावी. राखणदार किती, त्यांना पगार कोण देतो, तो किती महिन्यांनी हाती पडतो, याची नोंद करून ती अर्थसंकल्पापूर्वी आपल्या आमदारांपुढे ठेवावी. किल्ल्यांचा जयजयकार करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या राखणदारांचा पगार मागण्याचे काम आपल्याला करायचे आहे.