एका पैचा हिशेब आणि उतारवयाची शिदोरी

देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथांनी हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी सारी रात्र जागून काढली, ही कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कीर्तनकार ती एकाग्रतेचा दृष्टान्त म्हणून सांगतात आणि ते योग्यच आहे. पण त्या कथेत एक व्यावहारिक बोधही दडलेला आहे. ज्या हातांनी पुढे भागवत लिहिले, त्या हातांना जमाखर्चाचा विटाळ नव्हता. देवगिरीच्या शेजारी वसलेल्या आमच्या छत्रपती संभाजीनगरात मात्र हा दुसरा बोध विसरला गेला आणि त्याची किंमत हजारो कुटुंबांना मोजावी लागली.

२०२३ च्या जुलै महिन्यात शहरातील आदर्श महिला नागरी सहकारी पतसंस्थेतील सुमारे दोनशे कोटींच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदविला गेला. आयुष्याची पुंजी अडकलेले ठेवीदार रस्त्यावर आले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखांना टाळी लागली आणि मराठवाड्यातील लाखो ठेवीदार हवालदिल झाले. त्याआधी, २०२२ च्या आरंभी, ‘तीस-तीस’ या नावाने कुप्रसिद्ध झालेली योजना उघडकीस आली होती. औद्योगिक पट्ट्यासाठी वडिलोपार्जित जमीन देऊन मोबदला घेतलेल्या शेतकऱ्यांनी तो मोबदला तिच्यात ओतला होता. जमीनही गेली आणि पैसाही गेला.

दोषींना शिक्षा झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु चोराला शिव्या देऊन झाल्यावर आपल्या घराच्या कड्याकोयंड्यांकडेही पाहावे लागते. या तिन्ही प्रकरणांत एक समान सूत्र आहे. ज्यांचे पैसे बुडाले, त्यांतील बहुतेकांनी ते ओळखीवर ठेवले होते. संचालक परिचयाचे होते, व्यवस्थापक नात्यातला होता, गल्लीतल्या सर्वांनीच तेथे ठेव ठेवली होती. ‘आपला माणूस’ हा आपल्या समाजजीवनाचा भक्कम आधार आहे, परंतु ते काही तारण नव्हे. बँकेतील ठेवीला रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. त्याची मर्यादा २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख रुपये झाली. पतसंस्थेला हे संरक्षण नाही. एवढी एक गोष्ट ज्ञात असती, तरी अनेकांनी सारी रक्कम एका ठिकाणी ठेवली नसती.

सुरक्षिततेचा भ्रम

यावर अनेकांचे उत्तर ठरलेले असते : ‘मग सगळा पैसा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत ठेवावा.’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारा कामगार आज आणखी पंचवीस वर्षांचा विचार करूनच चालू शकतो. महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत गेली, तर आज महिना तीस हजारांत भागणाऱ्या घराला पंचवीस वर्षांनी सव्वा लाखाहून अधिक लागतील. ठेवीवरील व्याज खर्चून टाकणाऱ्याचे मुद्दल तेवढेच राहते, पण त्याची खरेदीशक्ती वाळवी लागल्यासारखी आतून पोखरली जाते. त्यात खाजगी कारखान्यांतील कामगारांना लागू असलेल्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे किमान वेतन २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरविले गेले. त्या रकमेत काय भागते, हे निवृत्तांच्या आंदोलनांनी वेळोवेळी सांगितले आहे.

सरकारी सेवकांचेही चित्र बदलले आहे. अटलजींच्या सरकारने १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या सेवकांसाठी अंशदानावर आधारलेली निवृत्तिवेतन पद्धत आणली. महाराष्ट्राने नोव्हेंबर २००५ पासून तोच मार्ग धरला. २०२३ च्या मार्चमध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप केला, तेव्हा त्यांच्या मनातील भीती खरी होती. सरकारांनाही तिची दखल घेऊन योजनांत बदल करावे लागले. तरीही कोट्यवधी असंघटितांचे म्हातारपण कोणत्याही सरकारी तिजोरीवर सोपविता येणार नाही, हे कटु सत्य उरतेच.

शेअर म्हणजे जुगार?

येथे शेअर बाजाराचा विषय निघतो आणि मध्यमवर्गीय मराठी मन दचकते. त्या दचकण्याला इतिहास आहे. १९९२ चा रोखे घोटाळा लोक विसरलेले नाहीत. २००१ च्या जुलैत युनिट ट्रस्टने ‘यूएस-६४’ या योजनेची खरेदी-विक्री थांबविली, तेव्हा सरकारी म्हणून तिच्यावर विसंबलेले असंख्य निवृत्त हादरले. अलीकडचे वास्तवही भीषण आहे. वायदे व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तीन वर्षांत तोटा झाला आणि तो एकूण १.८ लाख कोटींहून अधिक होता, असे ‘सेबी’च्या २०२४ मधील अभ्यासात दिसून आले. हा जुगारच आहे आणि आपल्या तरुणांना त्यापासून परावृत्त करणे हे समाजाचे कर्तव्य आहे.

परंतु शेतात पेरणी करणे आणि पावसावर पैज लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. देशातील पन्नास किंवा शंभर मोठ्या उद्योगांत थोडा थोडा वाटा घेऊन तो पंधरा-वीस वर्षे राखणे म्हणजे पेरणी. निर्देशांकावर आधारित म्युच्युअल फंडांनी ती सोय अल्प खर्चात करून दिली आहे. १९७८-७९ या पायाभूत वर्षी १०० मानलेला सेन्सेक्स २०२४ च्या सप्टेंबरात ८५ हजारांवर गेला. या आकड्यात देशाच्या उद्यमशीलतेची वाढ आहे.

यात स्वदेशीचाही विचार आहे. वाळूजचा कामगार ज्या उद्योगांत घाम गाळतो, त्यांचे समभाग परदेशी गुंतवणूकदारांनी घ्यावेत आणि त्याने मात्र आपली बचत भूखंडाच्या दलालाकडे द्यावी, यात कोणते स्वावलंबन? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये परकीय संस्थांनी आपल्या बाजारातून सुमारे ९४ हजार कोटी रुपये काढून घेतले. त्याच महिन्यात सामान्य भारतीयांची मासिक हप्त्यांची गुंतवणूक प्रथमच २५ हजार कोटींवर गेली. बाजार खाली आला, पण कोसळला नाही. २०२५ च्या मार्चअखेर सूचिबद्ध कंपन्यांतील देशी संस्थांचा वाटा परकीय संस्थांहून अधिक झाला. हे घडविण्यात थेंबाथेंबाने साठविणाऱ्या सामान्य कुटुंबांचा वाटा मोठा आहे.

आंतरपिकाचे शहाणपण

तथापि सर्व पैसा समभागांत घालणे हाही अविचारच. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांच्या घरात असलेला सेन्सेक्स २००९ च्या मार्चमध्ये आठ हजारांच्या आसपास आला होता. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या शिखरावर होता, तेथे परतण्यास त्याला २०२४ उजाडले. निवृत्तीच्या वर्षी असा उत्पात आला, तर धीर धरायला तरुणपण हाती उरलेले नसते.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला हे शिकविण्याची गरज नाही. कापसात तुरीच्या ओळी घालताना पाऊस कोणाला मानवेल हे तो जाणत नाही. जाणत नाही, म्हणूनच दोन्ही पेरतो. समभाग आणि रोखे यांचे नाते असेच आहे. रोखा म्हणजे ठरलेल्या व्याजाने दिलेले कर्ज, आणि ते कोणाला दिले यालाच महत्त्व. २०१८ मध्ये ‘आयएल अँड एफएस’ या सर्वोच्च पतमानांकन असलेल्या संस्थेची कर्जे काही आठवड्यांत थकली. म्हणून सामान्य माणसाने अर्धा टक्का अधिक व्याजाच्या मोहात न पडता सरकारी रोखे निवडावेत. रिझर्व्ह बँकेने ते थेट विकत घेण्याची सोय नोव्हेंबर २०२१ पासून व्यक्तींनाही दिली आहे. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहेच. तिची मर्यादा २०२३ मध्ये पंधरा लाखांवरून तीस लाखांवर नेण्यात आली.

प्रमाण किती, हा प्रश्न वयाचा आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील मध्यम जीवनचक्र पर्यायात पस्तिशीपर्यंत निम्मा पैसा समभागांत असतो. पुढे तो दरवर्षी कमी होत पंचावन्नाव्या वर्षी दहा टक्क्यांवर येतो. काहींना हा उतार फार तीव्र वाटेल. चाळिशीत निम्मे-निम्मे, निवृत्तीच्या वेळी तीस टक्के समभाग आणि पुढील तीन-चार वर्षांचा घरखर्च ठेवीत, असे साधे प्रमाणही चालेल. महत्त्वाचे हे की, दरवर्षी पाडव्याला वहीपूजन करताना ते तपासावे. समभाग वाढून निम्म्याचे साठ टक्के झाले असतील, तर वरचे विकून रोखे घ्यावेत. पडले असतील, तर उलट करावे. महाग विकणे आणि स्वस्तात घेणे यासाठी भविष्यवाणी लागत नाही, शिस्त लागते.

भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीराजाला धनाचे पाच भाग करावयास सांगतात. धर्म, कीर्ती, संपत्तीची वृद्धी, उपभोग आणि स्वजन असे ते भाग. दीनदयाळजींनीही अर्थाचा अभाव आणि अर्थाचा प्रभाव हे दोन्ही धर्माला बाधक मानले. म्हातारपणाची तजवीज करणे म्हणजे मुलांवर अविश्वास दाखविणे, असे कोणी म्हणेल. वस्तुस्थिती उलट आहे. पुण्या-बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाकडे औषधासाठी हात पसरावा लागला नाही, तर त्याच्या घरी आजी-आजोबा म्हणून मानाने जाता येते. कुटुंबव्यवस्था प्रेमावर चालते आणि तिच्यावर पैशाचा ताण जितका कमी, तितकी ती टिकते.

एक शेवटची गोष्ट. ही सारी कागदपत्रे घरातील स्त्रीला ठाऊक असू द्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी वारसनोंद असावी. गृहलक्ष्मी म्हणून जिची पूजा करायची, तिलाच घरची लक्ष्मी कोठे ठेवली आहे हे माहीत नसावे, हा केवढा विरोधाभास! या पाडव्याला नवरा-बायकोने एकत्र बसून वही उघडावी. एक पै जरी जुळली नाही, तरी नाथांचे स्मरण करून ती शोधावी.