एक ना धड...?

पोरांनी दोन-चार छंद धरले की आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" मला काही हे पटत नाही. यहुदी मेन्युहिनच बघा ना. व्हायोलिनवर लहानपणीच जगभर नाव झालेलं. पुढे शरीर कुरकुरायला लागलं. १९५२ साली मुंबईत पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार भेटले आणि हा माणूस चक्क योगासनं शिकला. नंतर त्याने अय्यंगारांना घड्याळ दिलं, त्यावर त्यांना आपला सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक म्हटलं होतं! शिवाय रविशंकरांबरोबर रेकॉर्ड, ग्रापेलींबरोबर जॅझ, १९६३ साली मुलांसाठी संगीतशाळा... व्हायोलिनला आधार मिळाला तो व्हायोलिनच्या बाहेरून. तेव्हा काका-मावश्यांनो, दहावी आली म्हणून पोरांची पेटी माळ्यावर टाकण्याआधी जरा थांबा. तुम्हाला काय वाटतं?