लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र

सायंकाळी दुकान वाढवताना, लग्नाच्या पंगतीत किंवा मंदिराच्या पायरीवर चार मंडळी जमली, की बोलणे हटकून एकाच ठिकाणी येऊन थांबते. मुले गाव सोडून गेली, शब्दाला किंमत उरली नाही, उधारी बुडते. मग कोणी वडीलधारे सुस्कारा टाकून म्हणतात, ‘पंचम काळ आहे, चालायचेच!’

शास्त्राधार खोटा नाही. अवसर्पिणीचा हा पाचवा आरा २१,००० वर्षांचा असून त्यातील जेमतेम अडीच हजार वर्षे सरली आहेत. परंतु या काळाच्या अखेरपर्यंत साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका शिल्लक राहतील, असेही शास्त्रच सांगते. सुस्कारा टाकणाऱ्यांना हा उत्तरार्ध सहसा आठवत नाही.

निराश होण्यास १९१९ साली आजच्याहून सबळ कारणे होती. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते आणि मानमोडीच्या साथीने घरेच्या घरे ओस पाडली होती. अशा काळात, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कऱ्हाडजवळील काले या गावी भाऊराव पायगोंडा पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. भाऊराव कुंभोजच्या जैन घराण्यातील. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली होती. ज्या शेतकऱ्याला नांगर विकायचा, त्याच्या घरात अक्षरओळख नाही, हे त्यांनी ओसरीवर बसून पाहिले होते.

पुढे साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधी तेथे येऊन गेले. कौतुक झाले, पण कौतुकाने कोठी भरत नाही. मुलांच्या जेवणाचा भार पडला तो भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या बाईंना परजातीच्या मुलांना आपल्या चुलीवरचे अन्न वाढणे प्रारंभी सोपे गेले नाही. तरी त्या बदलल्या, आणि त्या मुलांच्या आई झाल्या. धान्य संपले की एकेक दागिना बाहेर पडू लागला. शेवटी मंगळसूत्र उरले. तेही गेले.

सोने मोडण्याचा अर्थ व्यापाऱ्याच्या घरात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पेढी बुडू लागली की सोने मोडतात. नवी पेढी उघडायची असली तरी मोडतात. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र यांपैकी कोणत्या खात्यावर टाकावे? नावे मांडावे तर परतफेडीचा वायदा कोणी केला नव्हता, आणि घेणारी मुले रक्ताच्या नात्यातली नव्हती. दान म्हणावे, तर दात्याचे नाव कोरण्यास तेथे संगमरवरी पाटीही नव्हती.

१९३० मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० चे, छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चे. यांतले काहीच त्यांच्या दृष्टीस पडले नाही. मंगळसूत्राच्या पैशांतून वसतिगृहात धान्य आले आणि मुले जेवून उठली, एवढे मात्र त्यांनी पाहिले.