पाणी किती घालू?

आमच्या डोंबिवलीच्या घरात गोदरेजच्या कपाटात तीन मौल्यवान वस्तू असायच्या. आईच्या पाटल्या, फ्लॅटचं अॅग्रीमेंट आणि ब्लॅक लेबलची एक बाटली. ही बाटली मामानं १९९६ मध्ये दुबईहून आणली होती. बाबा बँकेतले, पक्के हिशोबी. ‘चांगल्या प्रसंगाला उघडू’ म्हणाले आणि साड्यांच्या मागे ठेवून दिली. मग माझी दहावी झाली, प्रसंग पुरेसा चांगला नव्हता (मार्क बघता बरोबरच होतं). ताईचं लग्न झालं, तर सासरचे माळकरी निघाले. होता होता २०११ उजाडलं. मी टीम लीड झालो. शिवाय महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकसाठी लागणारं पंचविशीचं वयही मी रीतसर ओलांडलं होतं. बाबा म्हणाले, “तुझ्या ऑफिसच्या मित्रांना बोलाव शनिवारी. बाटली काढू.”

त्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शोकेसमधले चांगले ग्लास बाहेर आले. आईनं खारे शेंगदाणे, चकली आणि शेव ठेवली. बाबांनी बाटली दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि माझ्या मित्रांना म्हणाले, “बारा वर्षांची होती. पंधरा वर्षं आमच्याकडे आहे. म्हणजे झाली की नाही सत्तावीस वर्षांची?”

इथे मी पहिला शहाणपणा केला. “बाबा, तसं नसतं. व्हिस्की बाटलीत म्हातारी होत नाही.”

माहिती बरोबर होती, हे कबूल. व्हिस्कीचं वय वाढतं ते फक्त लाकडी पिंपात. स्कॉच म्हणवून घ्यायचं तर ती स्कॉटलंडमध्येच बनावी लागते आणि ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात, तिथेच, किमान तीन वर्षं मुरावी लागते. आत वरून घालायला परवानगी दोनच गोष्टींना, पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरॅमल. लाकडाशी गप्पा चालू असतात तोवर ती बदलत राहते. एकदा काचेत गेली की घड्याळ थांबलं. लेबलवरचा आकडाही आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो. म्हणजे ‘१२’ लिहिलेल्या बाटलीत अठरा वर्षांचे काका असू शकतात, पण दहा वर्षांचं पोर नाही. (तुमच्याही कपाटात अशी एखादी बाटली असेल तर ती उभी ठेवा, वाइनसारखी आडवी नको. स्पिरिटनं बूच खराब होतं.)

दुसरा शहाणपणा मात्र महागात पडला. बाबांनी सगळ्यांना पेग भरले आणि स्वतःच्या ग्लासात तांब्यातून पाणी ओतलं. जेवढी व्हिस्की तेवढंच पाणी, हिशोबात. मी तेव्हा लोअर परळच्या लाउंज बारमध्ये दोन-चारदा जाऊन आलो होतो, इंटरनेटवर पाच-सहा लेख वाचले होते, आणि अंगात एक्स्पर्ट संचारला होता. म्हणालो, “बाबा, काय करताय! स्कॉचमध्ये पाणी? ही काय देशी आहे?”

मित्र हसले. बाबाही थोडं हसले. तो ग्लास त्यांनी बाजूला सरकवला, दुसरा घेतला, नीट घोट मारला आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. “छान आहे,” म्हणाले. मग मॅच बघायला म्हणून आत गेले. त्या दिवशी मॅच नव्हती.

त्यानंतर तीन वर्षं ते माझ्याबरोबर कधी बसले नाहीत. विचारलं की एकच उत्तर, “तुम्ही घ्या रे. मला त्यातलं कळत नाही.”

२०१४ मध्ये कंपनीनं ऑनसाइट एडिंबरोला पाठवलं. तिथून एका लाँग वीकएंडला आम्ही तिघं स्पेसाइडला गेलो. स्पे नदीच्या काठाचा हा भाग म्हणजे स्कॉचचं कोल्हापूर समजा, वळलात की डिस्टिलरी! ग्लेनफिडिक आणि ग्लेनलिवेट दोन्ही इथल्याच. टूरमध्ये तांब्याच्या प्रचंड भट्ट्या बघितल्या आणि गोदामातल्या काळोखात पिंपांचा वास घेतला. दर वर्षी पिंपातली साधारण दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते, तिला ते लोक ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. आपल्याकडच्या उकाड्यात तो कितीतरी जास्त असतो. आपले देवदूत जास्त तहानलेले!

शेवटी टेस्टिंग. समोर ट्यूलिपच्या आकाराचे छोटे ग्लास, तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते, म्हणजे वास नाकापर्यंत पोचतो. आणि प्रत्येकासमोर एक चिमुकला पाण्याचा जग. गाइड पांढऱ्या केसांच्या आजीबाई होत्या, जन्म त्याच धंद्यात गेलेला. मी टेचात सांगितलं, “नो वॉटर फॉर मी.” त्यांनी वाद घातला नाही. शांतपणे स्वतःच्या ग्लासात पाणी ओतलं आणि सांगितलं की व्हिस्कीचे ब्लेंडर, म्हणजे ज्यांच्या नाकावर कंपनी चालते ती माणसं, नमुने तपासतात तेव्हा पाणी घालून अल्कोहोल साधारण वीस टक्क्यांवर आणतात आणि मगच वास घेतात. जास्त स्ट्राँग असेल तर नाक बधिर होतं, व्हिस्कीत काय आहे ते कळतच नाही.

मी मनातल्या मनात गणित केलं. चाळीस टक्क्यांची व्हिस्की, त्यात तेवढंच पाणी. वीस टक्के.

डोळ्यांसमोर तांब्या आला.

त्या आजीबाईंकडून कळलेली आणखी एक गंमत. व्हिस्की हा शब्दच मुळी ‘उश्का बाहा’ अशा काहीशा उच्चाराच्या गेलिक शब्दांवरून आलाय. अर्थ, जीवनाचं पाणी. आणि आपल्याकडे तर ‘जीवन’ म्हणजेच पाणी! दोन भाषा ओरडून पाणी-पाणी म्हणतायत आणि मी बापाला शिकवत होतो.

तर मंडळी, पाण्याचं शास्त्र थोडक्यात. चव आणि वास देणारी बरीचशी द्रव्यं पाण्यापेक्षा अल्कोहोलशी जास्त दोस्ती करतात. पाणी घातलं की ती वर येतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर हे करून दाखवलं. धुरकट वासाच्या ग्वायाकॉल नावाच्या द्रव्याचे रेणू व्हिस्की पातळ केल्यावर पृष्ठभागाजवळ जास्त जमतात, म्हणजे बरोबर नाकाखाली. माझ्या मते सगळ्यात सोपी पद्धत अशी. पहिला छोटा घोट नीट घ्या, ओळख म्हणून. मग चमच्यानं थोडं-थोडं पाणी घाला आणि दर वेळी वास घ्या. कुठेतरी एका पॉइंटला जळजळ संपते आणि फळं, मध, धूर वगैरे मंडळी पुढे येतात. तिथे थांबा. तो पॉइंट प्रत्येकाचा वेगळा. पाणी मात्र फिल्टरचं किंवा बाटलीतलं, क्लोरिनचा वास नसलेलं.

‘कास्क स्ट्रेंग्थ’ लिहिलेली बाटली हाती आली तर पाणी हवंच. ग्लेनफारक्लास १०५ ही साठ टक्क्यांची असते. तीस मिलीत पंधरा मिली पाणी घातलंत तरी ती चाळीसवरच येते. ती नीट मारून दाखवणाऱ्या वीरांना लांबून नमस्कार.

आणि बर्फ? इथे प्युरिस्ट लोक भुवया उंचावतात. बर्फानं वास दबतो हे खरंच, थंड पदार्थाला वास कमी येतो. पण ‘रूम टेंपरेचरला प्या’ हा नियम जिथे लिहिला गेला तिथली रूम पंधरा-अठरा डिग्रीची. मे महिन्यातल्या डोंबिवलीची रूम चौतीसची. एवढी गरम व्हिस्की नुसती स्पिरिटसारखी नाकात जाते. त्यामुळे बिनधास्त एक मोठा खडा टाका, किंवा पाणीच फ्रिजमधलं घ्या. बर्फ टाकल्यावर व्हिस्की जराशी ढगाळ झाली तर घाबरू नका, भेसळ नाहीये. थंडीनं गढूळ होणारे घटक ज्यातून गाळून काढलेले नसतात त्या व्हिस्कीत तसं होतं.

सोडा माझ्या मते ब्लेंडसाठी. ब्लॅक लेबल-सोडा हे कॉम्बिनेशन ऑफिसच्या पार्टीत कधी फसत नाही. सिंगल माल्टमध्ये सोडा घातला तर पोलीस पकडत नाहीत, पण बुडबुड्यांच्या गोंगाटात तिचं हळू बोलणं ऐकू येत नाही. कोलाबद्दल मी बोलणार नाही, एकदा बोलून तोंड पोळलंय.

माझ्या आवडीच्या सांगतो. सुरुवात करणाऱ्यांनी ग्लेनलिवेट किंवा ग्लेनफिडिक १२ घ्यावी. पेअर, हिरवं सफरचंद, हलकी गोडी. थोडंसंच पाणी, भांडण नाही. माल्ट-बिल्टच्या नादात ब्लॅक लेबलला नाकं मुरडू नका. १८२० मध्ये किलमार्नकमधल्या वाणसामानाच्या दुकानातून सुरू झालेला हा कारभार आहे, आणि वेगवेगळ्या माल्ट आणि ग्रेन व्हिस्क्या जुळवून दर वर्षी तीच चव आणणं हे खायचं काम नाही. आपल्या गोडा मसाल्यासारखं आहे ते. एकट्या दगडफुलाला कोण विचारतं?

पावसाळ्यात मात्र मला टॅलिस्कर १० लागते. स्काय बेटावरची, मिरीचा झटका आणि खारा वारा. आणि मग त्या आयलाच्या व्हिस्क्या. हो, स्पेलिंग काहीही असो, त्या बेटाचा उच्चार आयलाच, लोकल सुटल्यावर आपण म्हणतो तोच! आणि पहिल्या घोटाला तोंडातून बहुतेक तेच निघतं. तिथे बार्लीचे मोड सुकवायला पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींची माती. तो धूर धान्यात बसतो तो बसतोच. लफ्रॉइग १० चा वास थेट टिंक्चर आयोडिनचा, अर्ध्या जगाला ती दवाखाना वाटते. मला पहिल्यांदा वाटली तेव्हा बिल आठवून कशीबशी संपवली. तिसऱ्यांदा आवडली. लागावुलिन १६ त्याच बेटावरची, पण जास्त पोक्त. रात्री जेवणानंतर, गप्पा संपत आल्या की काढायची.

परत येताना ड्यूटी फ्रीमधून नियमात बसणारे दोन लिटर आणले. एक लिटर ब्लॅक लेबल, एक लिटर लफ्रॉइग. शनिवारी संध्याकाळी बाबांना म्हटलं, “बसता का?” ते नेहमीचं वाक्य बोलायला लागले, “अरे, मला त्यातलं...”

“नुसता वास तर घ्या,” म्हणून मी लफ्रॉइगचा ग्लास पुढे केला.

त्यांनी वास घेतला. परत घेतला. “हे तर आमचं दापोलीचं घर,” म्हणाले. “पावसाळ्यात ओली लाकडं पेटायची नाहीत, माजघरभर धूर. माळ्यावर सुकं मासळीचं गाठोडं. आणि पायाला लागलं की आजोबा आयोडिन लावायचे.” मग त्या घराबद्दल, चुलीपाशी बसून केलेल्या अभ्यासाबद्दल ते अर्धा तास बोलले. यातलं बरंचसं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. व्हिस्कीचं इतकं अचूक वर्णन मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

मग मी त्यांना ब्लेंडर लोकांचं आणि वीस टक्क्यांचं सांगितलं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारचंही बोलायचं ठरवून आलो होतो. “बाबा, त्या दिवशी मी...” एवढंच म्हणालो.

“माहितीये,” ते म्हणाले. “मॅच नव्हती त्या दिवशी.”

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तांब्या भरून आणला. स्वतःच्या ग्लासात तेवढ्यास तेवढं ओतलं, डोळे बारीक करून लेव्हल बघितली आणि तांब्या माझ्या ग्लासावर धरला.

“तुला किती?”