राळ, थंडी आणि प्रमाण

राळ वाचकांच्या परिचयाची आहे. सालवृक्षाचा हा निर्यास. संस्कृतांत त्यासच सर्जरस म्हणतात. ही राळ उष्णतेनें वितळते आणि निवली कीं घट्ट होते. नौकांच्या दुरुस्तीसाठीं आज जी एपॉक्सी नांवाची कृत्रिम राळ वापरतात, तिचा स्वभाव मात्र निराळा आहे. थंडीनें ती दाट होते, पण पक्की होत नाहीं. पक्की होण्यास तिला ऊबच लागते.

उत्तर अमेरिकेंत ही अडचण दरवर्षींची आहे. मिशिगन संस्थानांत बे सिटी येथें गूजन बंधूंनीं १९६९ सालीं लाकूड व एपॉक्सी यांच्या नौका बांधण्याचा उद्योग आरंभिला. शेजारचा सॅगिनॉ उपसागर हिवाळ्यांत गोठतो. नौका त्याच दिवसांत पाण्याबाहेर असतात. म्हणून दुरुस्तीचें काम नेमकें थंडींत येतें.

एपॉक्सींत दोन द्रव मिसळावे लागतात: एक राळ व दुसरा तिला कठीण करणारा हार्डनर. गूजन बंधूंच्या प्रसिद्ध मिश्रणांत राळ ५ भाग व हार्डनर १ भाग असें प्रमाण आहे. उष्णतामान १० अंश सेल्सिअसनें उतरलें कीं या संयोगाचा वेग स्थूलमानानें निम्मा होतो. सायंकाळ झाली तरी लेप चिकटच! मग उतावळ्या कारागिरास वाटतें, हार्डनर थोडा अधिक घालावा. हिवाळ्यांत दुधाला विरजण अधिक लावतात, तसाच हा विचार. पण विरजण आरंभ करून देतें व पुढें आपोआप वाढतें. हार्डनर हा संयोगांतील भागीदार आहे. त्याचे कण राळेच्या कणांशीं ठराविक संख्येनें जोडले जातात. जादा कण बिनजोडीचे उरतात आणि सांधा कायमचा दुबळा होतो. थंडीसाठीं जलद हार्डनर मिळतो व तो सुमारें ४ अंशांपर्यंत चालतो. पण प्रमाण तेंच.

तेव्हां वाढवावयाची ती ऊब, मात्रा नव्हे. डबे आधीं उबदार खोलींत ठेवावे. थंड राळेचें माप चुकतें व तींत हवेचे बुडबुडे अडकतात. पण एवढ्यानें भागत नाहीं. पातळ लेप नौकेच्या अंगास लागतांच तिच्याएवढाच थंड होतो. म्हणून नौकेवर तंबू घालून तिचें अंगच तापवितात आणि लेप पक्का होईपर्यंत ऊब राखतात. धुराडें नसलेली तेलाची शेगडी मात्र नको. तिच्या ज्वलनांतून निघणारी वाफ थंड पृष्ठावर दंवासारखी बसते. थंड व दमट हवेंत लेपावर मेणासारखा थर येतो. तो स्वच्छ पाण्यानें धुवून पुसावा, मगच काचकागद फिरवावा. आधीं घासल्यास तो पसरतो व पुढचा हात नीट धरत नाहीं.

रंग चढल्यावर आंतला कच्चा सांधा कोणास दिसत नाहीं. त्याची परीक्षा भर पाण्यांत होते, आणि त्या वेळीं नौकेंत माणसें असतात. काम दोन दिवस लांबलें तर नौका तेवढीच उशिरां निघेल. ती किंमत स्वल्प आहे.