चांदीचे पाणी : पाहावे, पिऊ नये



चांदीच्या दोन तारा, पेलाभर ऊर्ध्वपातित पाणी आणि नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एवढ्या सामग्रीवर ‘कलिल चांदी’ घरी तयार करता येते. ती रोज चमचाभर घेतली की सारे रोग पळतात, असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. प्रयोग सुंदर आहे. सल्ला मात्र टाकाऊ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वीज सुरू होताच धनाग्राच्या तारेवरील चांदी आयनरूपाने पाण्यात उतरते. त्यांतील काही आयनांपासून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनतात व पाण्यात तरंगत राहतात. अंधारात पेल्यातून प्रकाशाचा बारीक झोत सोडा. शुद्ध पाण्यात न दिसणारी त्याची वाट येथे लख्ख दिसते. हाच टिंडल परिणाम.

झोतावरून कण आहेत एवढे कळते. चांदी किती, ते कळत नाही. तारांवर काळे किटण चढते, ते दर खेपेस पुसावे लागते. किटण राहिले, तारांमधील अंतर बदलले, बॅटरी जुनी झाली, की वीजप्रवाह बदलतो व उतरणारी चांदीही बदलते. शिवाय आयन वाढतील तसा प्रवाह आपोआप वाढत जातो. मग कालचा चमचा आणि आजचा चमचा सारखा कशावरून? माप नाही ते औषध कसले!

‘पण चांदी जंतू मारते ना?’ असे तुम्ही विचाराल. मारते. भाजल्यावर लावायच्या एका मलमात चांदीचे संयुग असतेच. पण ते कातडीवर लावायचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच ठरवले, की चिठ्ठीविना विकली जाणारी कलिल चांदीची औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत. त्याच सुमारास मोंटाना राज्यातील स्टॅन जोन्स हे गृहस्थ घरी केलेली कलिल चांदी पिऊ लागले. २००० साल उजाडताच संगणक बिघडतील आणि प्रतिजैविके मिळेनाशी होतील, ही त्यांची भीती! २००२ मध्ये ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा निळसर करडा झाला होता. पोटात गेलेली चांदी त्वचेत साठते आणि छायाचित्राच्या फिल्मवरील चांदीप्रमाणे उजेडाने काळवंडते. हा रंग सहसा जात नाही.

प्रयोग शाळेत, शिक्षकांसमोर करा. बॅटरीच वापरा, घरातील वीज नको. बाटलीवर ‘पिण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी डकवा. उरलेले पाणी माशांच्या टाकीत किंवा ओढ्यात ओतू नका. जंतूंना मारणारी चांदी माशांनाही सोडत नाही.