उतारूला शिस्त नाही म्हणे!

दिवाळीला घरी आलेला पाहुणा फराळाला बसला, की पहिल्या चकलीबरोबर प्रवासाची हकीगत सुरू होते आणि शेवटच्या करंजीबरोबर निकाल लागतो, "आपल्या लोकांना शिस्तच नाही हो! गाडी थांबते न थांबते तोच तुटून पडतात." ऐकणारे माना डोलावतात. मला हा निकाल मंजूर नाही.

आमच्या एरंडोल गावाला आगगाडी नाही. एस.टी.ने जळगाव किंवा धरणगाव गाठायचे आणि तिथून सुरतेची गाडी धरायची, हा इथला शिरस्ता. खानदेशातली किती तरी घरे सुरत-उधन्याच्या मागांवर जगतात. भाऊबीज झाली की ही मंडळी परत निघतात. डोक्यावर पिठाची गोणी, हातात डाळीचे गाठोडे, कडेवर पोर आणि खिशात जनरलचे तिकीट.

आता या माणसाची परीक्षा पाहा. २२ डब्यांची गाडी म्हणजे अर्धा किलोमीटर लांबी. जनरलचे डबे बहुधा दोन टोकांना. ते फलाटावर नेमके कुठे उभे राहतील, हे लहान स्टेशनावर सांगणारे कोणी नसते. गाडी थांबणार दोन-तीन मिनिटे. अंदाज चुकला, की गोणीसकट पळायचे. मोठ्या स्टेशनावर तऱ्हा निराळी. तासभर एका फलाटावर बसवून ठेवलेल्या माणसांना कर्णा ऐनवेळी कळवतो की गाडी दुसऱ्याच फलाटावर येत आहे. मग जिना, धाप, हातातून सुटणारे पोर. शेवटी दाराशी पोचावे तर आतून आवाज येतो, "जागा नही शे, माय!" सावकाश चालणाऱ्याची गाडी चुकते आणि पळणाऱ्याला जागा मिळते, तर माणसे पळणारच. ही बेशिस्त नव्हे, हा साधा हिशेब आहे. (खिडकीतून रुमाल टाकून चार जागा अडवणाऱ्या बहाद्दरांची वकिली मी करीत नाही. पण ते गर्दीत असतात, ते म्हणजे गर्दी नव्हे.)

हीच माणसे अंगारकीला आमच्या पद्मालयाला जातात, तेव्हा तळ्याच्या काठच्या त्या दोन गणपतींसाठी गुमान रांगेत उभी राहतात. आषाढीला पंढरपुरात तर रात्रीच्या रात्री दर्शनबारीत काढतात. का? रांग कुठे सुरू होते ते दिसते, आणि ती विठोबापाशीच संपते याची खात्री असते. उधन्याला सणासुदीत रांगा लावून उतारूंना डब्यात सोडू लागले आहेत. तिथेही ती तासन्तास उभी राहतात. उधन्याला शिस्तीचा असलेला माणूस खानदेशात उतरताच बेशिस्त होतो काय?

आणि आत जागा तरी किती? जनरलच्या डब्यात बसायला नव्वद ते शंभर जागा. १९८९च्या रेल्वे कायद्याचे ५७वे कलम सांगते की एका डब्यात जास्तीत जास्त किती उतारू न्यायचे हे रेल्वेने ठरवावे आणि तो आकडा डब्यावर ठळक लावावा. तिकिटाच्या खिडकीला मात्र हा आकडा ठाऊक नसावा. ती तिकिटे फाडतच राहते. १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिले, तेव्हा मुंबईहून मद्रासला जाणाऱ्या त्यांच्या डब्यावर २२ उतारूंची पाटी होती आणि आत पस्तिसाच्या वर माणसे होती. १९७४ साली तिसरा वर्ग गेला. म्हणजे नाव गेले. अलीकडे काही गाड्यांना जनरलचे दोनाचे चार डबे केले, ते ठीकच झाले. पण मागणी चाळीसची आणि वाढले चार, असा तो प्रकार आहे.

याची किंमत गैरसोयीवर भागत नाही. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, सुरत स्टेशनात गाडीत चढण्याच्या रेटारेटीत एका उतारूचा जीव गेला. पुढल्याच वर्षी, २७ ऑक्टोबर २०२४ला, वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या गाडीत शिरताना माणसे तुडवली गेली. १५ फेब्रुवारी २०२५च्या रात्री नवी दिल्ली स्टेशनात १८ माणसे मेली. सारख्या नावांच्या गाड्यांच्या घोषणेने गोंधळ उडाला, असे पोलिसांकडून प्रथम सांगण्यात आले. पुढे संसदेत उत्तर मिळाले ते असे, की एका उतारूच्या डोक्यावरचे मोठे ओझे जिन्यावर पडले आणि त्यातून चेंगराचेंगरी झाली. पाहा, शेवटी गुन्हेगार ठरले ते गाठोडे! ते घेऊन माणसाला त्या वेळी त्या जिन्यावर कशाने लोटले, हा प्रश्न गाठोड्याला विचारता येत नाही.

आम्ही काही चंद्र मागत नाही. गाडी स्टेशनाजवळ आल्यावर फलाट बदलू नका. बदललाच तर माणसे पोचेपर्यंत गाडी थांबवा. तिकिटे डब्याच्या मापाने विका, आणि माप पुरत नसेल तर सणाच्या आठवड्यात जादा गाडी आधीच लावा. आणि जनरलचा डबा जिथे थांबणार तिथे फलाटावर एक पांढरी रेघ ओढा, म्हणजे म्हातारीला तिथे आधीच जाऊन बसता येईल. हे शेवटचे काम तर भाऊबीजेच्या आत होण्यासारखे आहे. चुना आम्ही देऊ.